गाडी हलायच्या आधी माणसं मोजायची

दिवाळी अंकात नोकरीचे अनुभव लिहायला माणूस रिटायर लागतो म्हणे. मग मी एकदम फिट आहे भो. वय अठ्ठावीस, आणि आजपर्यंत तीन वेळा रिटायर झालोय. माझं कंत्राट अकरा महिन्यांचं. अकरा महिने झाले की सरकार मला विसरतं. मग मी नशिराबादला घरी बसून आईची बोलणी खातो. नवी ऑर्डर निघाली की सरकारला मी परत आठवतो. आणि माझं काम काय, तर विसरणाऱ्या लोकांची काळजी घेणं!

जळगावला एका सरकारी दवाखान्यात विसरण्याच्या आजाराची ओपीडी आहे. तिथे मी समाजसेवक. डॉक्टर मॅडम तपासतात, गोळ्या देतात. मी घरी जाऊन बघतो की म्हातारा माणूस राहतो कसा, त्याला सांभाळणारं कोण, आणि त्या सांभाळणाऱ्याला कोण सांभाळतंय. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा 'कोणीच नाही' असं असतं. फॉर्मवर त्यासाठी रकाना नाही.

तपासणी सोपी असते. आज वार कोणता, आपण कुठे बसलोय, मी सांगितलेल्या तीन वस्तू थोड्या वेळाने परत सांगा, घड्याळ काढून दाखवा. सोपी म्हणजे विचारणाऱ्याला. एका आक्कांना मी मालकांचं नाव विचारलं. पदर तोंडाला लावून त्या नुसत्या हसत बसल्या. मी शून्य मार्क दिले. मॅडम म्हणाल्या, "अरे गाढवा, तुझ्या आजीने घेतलं होतं का कधी आजोबांचं नाव?" मी मार्क परत दिले. धुळ्याच्या एका गुरुजींनी तर माझा फॉर्मच हातातून ओढून घेतला, लाल पेन मागितला, माझं अक्षर तपासलं आणि मला नापास केलं. घड्याळ त्यांना काढता आलं नाही. पण माझ्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका एकूण एक काढल्या बघा.

आता माझी खरी डिग्री सांगतो. मी आवाज काढतो. कोणाचाही. सातवीत असताना हेडसरांचा आवाज काढून शिपायाला हाक मारली, "घंटा दे रे!" आणि दोन तास आधी शाळा सोडली. मार खाल्ला तो वेगळा. पुढे गॅदरिंग झालं, गणपती झाले, कॉलेज झालं. इंटरव्ह्यूला साहेबांनी विचारलं, "अजून काय येतं?" मी त्यांचाच आवाज काढून विचारलं, "अजून काय येतं?" सगळे हसले. मला वाटतं मला त्यामुळेच घेतलं. मॅडम म्हणतात, दुसरा उमेदवार आलाच नव्हता.

तर सुपडू नानांची गोष्ट.

फैजपूरजवळच्या एका गावात माझी गृहभेट होती. घरात शिरलो तर ओसरीवर बाजेवर एक उंच, ताठ म्हातारा. पांढरं धोतर, टोपी, आणि कमरेला मऊ जुनं लुगडं गुंडाळलेलं. लुगड्याचं दुसरं टोक बाजेच्या पायाला. मी ते बघितलं आणि मी बघितलं हे त्यांच्या सुनेने बघितलं.

"मी कसाई नाही भाऊ," मंगला वहिनी म्हणाल्या. माझा नमस्कार व्हायच्या आधीच. "दोनदा हरवले. दुसऱ्या वेळेला दिवसभर गाव शोधत होतं. आमचे हे ट्रक घेऊन दिल्लीला. मी भाकरी टाकू का यांच्या मागे पळू?"

नाना माझ्याकडे बघून म्हणाले, "कोना पोर्या शे तू?"

मी बापाचं नाव सांगितलं. त्यांना ते कुठून माहीत असणार? पण मान हलवली आणि म्हणाले, "चांगला मानूस व्हता." माझा बाप जिवंत आहे, नशिराबादला दुकानात बसतो. पण वाद घातला नाही.

मग लुगड्याला हात लावून एकदम हळू विचारलं, "माले कसाले बांधी ठेवं रे?"

वहिनी आत निघून गेल्या. चुलीवर काहीच नव्हतं, तरी गेल्या.

नाना मूळचे शिरपूरकडचे, धुळे जिल्ह्यातले. तरुणपणी केळी कापायला इकडे आले आणि टोळीचे मुकादम झाले. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. केळीची कापणी टोळी करते. व्यापाऱ्याचा निरोप आला की पहाटे टोळी निघायची. एक जण घड कापणार, दुसरा खांद्यावर झेलणार, तिसरा बाहेर आणून पानांच्या गादीवर आडवा ठेवणार. घडाला डाग पडला की व्यापारी तोंड वाकडं करतो. आणि केळीच्या बागेत चार हातांवरचा माणूस दिसत नाही. वर पानं, खाली पानं, सगळ्या रांगा सारख्या. म्हणून नानांचा एक नियम होता. गाडी हलायच्या आधी माणसं मोजायची. एकदा सातपुड्यातली एक मजूर पोरगी दमून बागेतच झोपली आणि टोळी निघून गेली. नानांनी अर्ध्या रस्त्यातून ट्रॅक्टर फिरवला. तेव्हापासून, बोट लावून मोजल्याशिवाय गाडी हलली नाही, असं वहिनी म्हणाल्या.

आता टोळी नाही, व्यापारी हिरा शेट वारले, ट्रॅक्टर कोणाकडे गेला माहीत नाही. पण पहाटे पाच वाजले की नाना उठतात आणि कापणीला निघतात. समोर जी दिसेल त्या बागेत शिरतात. आणि आत गेलेला माणूस सापडत नाही. म्हणून ते लुगडं.

"शेट निरोप कसा पाठवायचे?" मी वहिनींना विचारलं.

"स्वतः यायचे की, फटफटीवर. दारातून ओरडायचे. नाकात बोलायचे. आधी दोनदा खाकरायचे."

वहिनींनी तो आवाज काढून दाखवला. वाईट काढला. मी सुधारला. त्या म्हणाल्या, "नाही, अजून नाकात." मी अजून नाकात गेलो. तिसऱ्या वेळेला वहिनींनी पदर सावरला आणि डोक्यावर घेतला! जणू शेटच दारात आलेत. असली दाद मला गणपतीत कधी मिळाली नव्हती.

दाराआडून ओरडलो, "सुपडूऽऽ! आज गाडी नाही रे! आज कापणी नाही!"

आतून उत्तर आलं, "बरं शेट." आणि नाना बाजेवर मांडी घालून बसले. शांत! वहिनींनी लुगड्याची गाठ सोडली. मी तो निरोप मोबाइलमध्ये रेकॉर्ड केला, वहिनींच्या फोनवर टाकला आणि सांगितलं, रोज पहाटे पाचला वाजवायचा. परत येताना एसटीत मी उभ्याने आलो, कारण आनंदाने बसवतच नव्हतं. गोळ्या नाहीत, काही नाही, नुसत्या आवाजावर माणूस सोडवला भो!

मॅडमना सांगितलं. त्या हसल्या नाहीत. "मेलेल्या माणसाचा आवाज काढून तू त्याला थांबवलंस. तो थांबला म्हणजे बरा झाला का?" मला वाटलं, मॅडमना कला कळत नाही.

आठ-दहा दिवस सगळं मस्त. मग एका सकाळी वहिनींचा फोन. "भाऊ, नाना गेले. निरोप वाजवला होता. ऐकून घेतला, आणि मग गेले."

मी पोहोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. वहिनी रडत नव्हत्या, त्याच्या पुढे गेल्या होत्या. नवऱ्याने फोनवर सांगितलं होतं, सापडले तर या खेपेला लांबच्या एका आश्रमात सोडून येऊ. "सापडले तर," त्या म्हणाल्या, "मी परत बांधीन. पण घरात बांधीन."

पाटाच्या अलीकडे-पलीकडे बागा. गावातले लोक रांगारांगांतून "नाना, नाना" ओरडत फिरत होते. पण बागेत शिरले की नाना या नावाने नाना ओ देत नाहीत, तिथे ते शेटच्या हाकेला ओ देणारे सुपडू असतात. मला एकदम ते आठवलं. बांधावर उभा राहिलो, दोनदा खाकरलो, नाकात गेलो आणि फुप्फुस फाटेस्तोवर ओरडलो, "सुपडूऽऽ! गाडी भरली! माणसं मोज!"

सगळीकडे पानांचा फडफड आवाज. मग लांबून, अगदी खोलातून, "एक... दोन... तीन..."

लोक धावले. मी तर चपला पाटात टाकून धावलो. नाना बागेच्या मधोमध. त्यांनी वाळलेली पानं गोळा करून जमिनीवर सुंदर गादी अंथरली होती, घड ठेवायला, सरळ रेषेत. हात ओरबाडलेले. हवेत बोट धरून मोजत होते आणि समोर कोणीच नव्हतं.

मला बघून म्हणाले, "आठ दिन व्हई ग्यात. शेट कापनी देत नही. मानसं पोटले काय खातीन? मी म्हनं, दुसरा बाग दखू."

माझा निरोप! रोज पहाटे मी त्यांना सांगत होतो, आज काम नाही, आज काम नाही. बाकी सगळं विसरतात, पण ती चिंता आत साचत गेली. मुकादमाला मी बेकार केलं आणि वर स्वतःच्या पाठीवर थाप मारून घेतली. रेकॉर्डिंग तिथेच, वहिनींच्या समोर पुसून टाकलं. वहिनी म्हणाल्या, "मग आता?"

मी म्हणालो, "आता काम द्यायचं."

आणि कामाची जागा होती! तालुक्याच्या एका सरकारी आवारात म्हाताऱ्या माणसांसाठी दिवसभर बसायची खोली बांधून तयार होती. पंखे, खुर्च्या, सतरंज्या, बाहेर छोटी बाग. दारावर उद्घाटनाचा हार, वाळून कोळ झालेला. आणि कुलूप. जागा एका खात्याची, बांधकाम दुसऱ्या खात्याचं. पहिलं खातं म्हणायचं (सुपारी गालात ठेवून वाचा), "खोली त्यांची, किल्ली त्यांच्याकडे, पेशंट पण त्यांचेच." दुसरं खातं म्हणायचं (खूप गोड आवाजात), "बघतो ना आपण. पण आजार म्हणजे आरोग्य, आणि आरोग्य म्हणजे ते." त्यात नानांचं रेशनकार्ड धुळे जिल्ह्यातलं. धुळ्याला गेलो तर, "राहतात कुठे? मग तिकडे जा." तिकडे आलो तर, "कार्ड कुठलं? मग तिकडे जा." हायवेवर माझी इतकी येजा झाली की कंडक्टर मला तिकीट न विचारता फाडून द्यायला लागला. शेवटी मॅडमनी कागदावर स्वतःच्या हाताने लिहिलं, माणूस आज जिथे राहतो तिथेच त्याला सेवा द्या. लिहिताना पेन इतका दाबला की खालच्या तीन कागदांवर उमटलं.

खोटं बोलत नाही, एकदा मी जिल्ह्याच्या बड्या साहेबांचा आवाज बसवला. आरशासमोर. दुसऱ्या खात्याच्या ऑफिसला फोन लावला आणि म्हणालो, "कोण बोलतंय?" पलीकडे खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला. माणूस उभा राहिला होता! फक्त 'किल्ली देऊन टाका' एवढंच म्हणायचं बाकी होतं. पण मला ती पानांची गादी दिसली. मी फोन ठेवून दिला. पकडला जाण्याची भीती पण असेल.

मग तालुक्याच्या साहेबांकडून निरोप आला, लाभार्थी स्वतः हजर करा. सगळे. बरं! मी आसपासच्या गावांतून नाना धरून तेरा जण काळीपिवळी जीपमध्ये घातले आणि त्याच आवारातल्या ऑफिसच्या व्हरांड्यात आणून बसवले. मंगला वहिनी सोबत. साहेब आत. शिपाई म्हणाला, "बसा." बसलो. अकरा वाजले. बारा वाजले. कोणी डुलक्या घेतंय, एक आबा सगळ्यांना सांगताहेत की पुढची गाडी भुसावळला जाते.

नाना उठले. व्हरांड्याकडे एक नजर टाकली आणि त्यांचा चेहराच बदलला. बाकावर बारा माणसं रिकामी बसलेली! बोट लावून मोजली. मला पण मोजलं. आणि टोपी सरळ करून धाडकन साहेबांच्या केबिनमध्ये. मी मागे धावलो, पण नाना पुढे होते.

"सकायपाईन मानसं बठेल शेतस!" नानांनी टेबलावर हात मारला. "काम काढ. नहीतर आम्ही दुसरा बागमा जातस."

साहेब उभे राहिले. उंच म्हातारा, कडक धोतर, तो आवाज. "बसा ना नाना, बसा. आपण...?"

"मुकादम."

"हो हो. चहा घेणार?"

"चहा नको. बाग दखाड."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी नानांकडे बोट दाखवलं. साहेबांनी ड्रॉवर उघडला. किल्ली होती, सगळ्यात वरच! नानांनी ती घेतली, कुलपासमोर उभे राहिले, वाळलेला हार ओढून काढला आणि विचारलं, "कुलूप कोनी लायं रे हाई?" कोणीच हात वर केला नाही.

साहेबांनी मला बाजूला घेतलं. "कोणत्या गटाचे आहेत हे?"

"टोळीचे, साहेब."

मग मी सगळं खरं सांगितलं, न हसता. ते खोलीच्या दारात उभे राहून बघत राहिले. आत नाना माणसं कामाला लावत होते. तू खुर्च्या मांड, तू सतरंजी झटक, आक्का, तुम्ही पानी दखा. आणि ती माणसं उठून करत होती! भुसावळची गाडी धरणारे आबा खुर्च्या मांडत होते! मी साहेबांना किल्लीबद्दल विचारलं. ते म्हणाले, "राहू दे त्यांच्याकडेच. मागायला गेलो तर परत टेबलावर हात मारतील." कागदावर त्यांनी त्याच दिवशी सही केली. आता तेवढं श्रेय त्यांना देतो.

खोली सुरू झाली. काळीपिवळी रोज सकाळी सगळ्यांना आणते, संध्याकाळी सोडते. मंगला वहिनी आणि बाकी घरच्या बाया पाळीपाळीने थांबतात, ज्या दिवशी पाळी नाही त्या दिवशी माणसासारख्या झोपतात. आम्ही बागेत चार केळी लावली. दुपारी नाना टोळीला पानांची गादी घालायला शिकवतात. ते लुगडं वहिनींनी धुऊन गोधडीला लावलं.

आणि संध्याकाळी गाडीपाशी मोजणी. स्वतःपासून सुरुवात, छातीवर बोट, एक. मग बारा जण. शेवटी मी, चौदा. वहिनींना मोजत नाहीत, मुकादमाच्या घरचं माणूस टोळीत धरत नसतात. चौदा झाले की म्हणायचे, "चाला." मगच ड्रायव्हर गिअर टाकायचा.

आणि मग माझे अकरा महिने भरले.

त्या दिवशी मी नशिराबादला घरी, लुंगीवर, आईची बोलणी खात. कागदोपत्री मी कोणीच नव्हतो. संध्याकाळी वहिनींचा फोन, मागे सगळा गलका.

"भाऊ, नाना गाडी हलू देत नाहीत. तीन वेळा मोजलं. म्हणतात, एक मानूस कमी शे. बाकीचे कंटाळलेत, ड्रायव्हर चिडलाय. मी सांगितलं सगळे आलेत, तर माझ्यावरच ओरडले."

"कोण कमी आहे ते सांगतात का?"

"नाव नाही माहीत त्यांना. भाऊ, तेवढा शेटचा आवाज काढा ना फोनवर. म्हणा, बरोबर आहे, निघ. ऐकतील."

ऐकले असते. दोनदा खाकरलो असतो, नाकात गेलो असतो, काम झालं असतं. मी म्हणालो, "सगळ्यांना चहा द्या वहिनी. निघालोच."

आई ओरडली, "अरे पगार बंद आहे ना तुझा आज!" मी पँट चढवत तिच्याच आवाजात म्हणालो, "अरे पगार बंद आहे ना तुझा आज!" आणि गाडीला किक मारली. रस्त्याने केळीचे ट्रक सामोरे येत होते आणि मी हेल्मेटमध्ये एकटाच खिदळत होतो. सरकार मला विसरलं होतं, आणि ज्या माणसाला स्वतःच्या पोराचं नाव आठवत नाही तो माझ्यासाठी गाडी अडवून बसला होता.

पोहोचलो तेव्हा टोळी व्हरांड्यात चहा पीत होती. नाना काळीपिवळीच्या समोर उभे, हात कमरेवर, ड्रायव्हरला जागा न देता. मी गाडी लावून पुढे गेलो. त्यांनी मला खालून वर न्याहाळलं. ओळख नाही. काहीच नाही.

"कोना पोर्या शे तू?"

मी बापाचं नाव सांगितलं.

"चांगला मानूस व्हता," नाना म्हणाले. मग माझ्या छातीवर बोट टेकवलं, चांगलं जोरात, आणि वळून ड्रायव्हरला सांगितलं.

"चौदा. चाला."